आधी खिडक्या उघड

त्या वर्षी डोंगरउतारावरचा सगळा वेळू फुलला.
माणसाच्या आयुष्यात एकदाच फुलतो म्हणतात.
डॉन एर्विनोनं लहानपणी पाहिलेला,
तो टोपी मागे सारून एवढंच म्हणाला,
"आता पाहुणे येतील."

बी पडलं. वेळू उभ्या उभ्या वाळून गेला.
दाण्यांच्या मागोमाग शेपट्या आल्या.

तुला माझं काम कधी आवडलं नाही, इर्मा.
दिवस मावळताना शंभर सापळे लावायचे
ओढ्याच्या कडेनं, रानगुलाबाच्या जाळीत,
प्रत्येकात चिमूटभर ओट्स
आणि कापसाचा एक बोळा,
रात्री त्यांना थंडी वाजू नये म्हणून.
तू हसायचीस. "उंदरांना अंथरूण घालतेस?"

पहाटे पत्र्याच्या डबीत काहीतरी हलकं हलायचं.
वजन दोन पोस्टकार्डांइतकं.
आमच्याकडे त्याला लांबशेपट्या म्हणतात,
आणि शेपूट खरोखरच त्याच्यापेक्षा लांब,
जणू दुसऱ्या कुणाची चुकून लागलेली.
दोन हातमोजे, तोंडावर मुखवटा, रक्ताचा एक थेंब,
कानात नंबराचा बिल्ला, आणि सोडून द्यायचं.
चारशे बारा नंबरच्या रक्तात ते होतं.
चारशे बारा मात्र ठणठणीत होता,
हाताला चावून जाळीत पसार झाला.
त्याचं त्याला काहीच होत नाही, हे मी
गावात किती वेळा सांगितलं असेल.
लोक विचारायचे, मग तो आजारी कसा?
आजारी नाहीच तो. तो नुसता जगतो,
मुततो, पिल्लं घालतो, वळचणीला झोपतो.

नेलिदा कुरिकेओला केर सहन व्हायचा नाही.
हिवाळाभर बंद असलेली लाकडाची खोली
तिनं सप्टेंबरात उघडली आणि खराटा घेतला.
दाराच्या फटीतून कवडसा आला होता, ती सांगत होती,
त्यात धूळ अशी काही चमकत होती,
की क्षणभर खराटा थांबवून बघतच राहिले.

हे तिनं सांगितलं तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते.
तिच्या नातीचा वाढदिवस. येर्बाच्या चहाचा भोपळा
हातोहात फिरत होता, नेहमीसारखी एकच नळी.
तिनं ओढली, भरून माझ्याकडे दिला.
मी हातमोजेवाली, मी मुखवटेवाली,
मी घेतला.
नाही कसं म्हणणार होते, सांग.

नेलिदा अकराव्या दिवशी गेली. मग तिचा भाऊ.
मग ट्रकवाला सेगुंदो, जो नुसता दारात उभा राहून
केक खाऊन गेला होता.

आज माझा एकोणिसावा दिवस.
पंचेचाळीस मोजायचे आहेत.
दिवसातून दोनदा आमच्याच चौकीतून फोन येतो,
नाव विचारत नाहीत. "सतरा नंबर, ताप किती?"
फाटकापाशी कुणीतरी पाव ठेवून जातं,
दहा पावलं मागे सरून हात हलवतं.
काल पिशवीत ओट्सचा पुडा होता.
मी खूप वेळ हसत होते, एकटीच,
मग हसणं खोकल्यात गेलं आणि मी घाबरून
थर्मामीटर शोधला. सदतीस पूर्णांक दोन.

आढ्यावर रात्री खुडखुड होते.
मी सापळा लावलेला नाही.

काही झालंच, तर ही खोली तू उघडशील.
दार ढकललंस की लगेच आत येऊ नकोस.
आधी खिडक्या उघड, बाहेरून, काठीनं.
अर्धा तास कुंपणापाशी थांब,
पॅटागोनियाचा वारा एरवी कुठे कामाला येतो,
त्याला आत जाऊ दे.
मग जमिनीवर ब्लीचचं पाणी शिंपड, भरपूर.
पुसून घे. झाडू नकोस.
कितीही कचरा दिसला तरी, इर्मा, झाडायचं नाही.

फळीवर माझा भोपळा आहे, आईचा होता तो.
टाकून देऊ नकोस.
नळी उकळून घे.